सोलापूरच्या उन्हाळ्यात घरात मिरचीची रोपं करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर, गच्चीखालचा फ्लॅट. एप्रिलच्या मध्याला बेडरूमच्या खिडकीत एकाच ट्रेमध्ये ज्वाला आणि भूत जोलोकिया लावल्या. ज्वाला आठवड्याभरात उगवली, पण दोऱ्यासारखी लांब होऊन आडवी पडली. भूत जोलोकियाचा तीन आठवडे झाले तरी पत्ता नाही. आता व्हिडिओ बघून हीट मॅट (ट्रेखाली ठेवायची तापणारी चटई) आणि रोपांसाठीचे जांभळे ग्रो लाइट मागवायचे का, असं विचारताय.

हीट मॅट अजिबात मागवू नका. दिव्याचं पुढे सांगतो, पण जांभळा नकोच.

त्या व्हिडिओंमध्ये चूक काही नाही. ते ज्या मुलखातले आहेत तिथे मार्चमध्येही बाहेर पाणी गोठतं. मिरचीला चार-पाच महिने उबदार हवा लागते आणि तेवढी त्यांच्या उन्हाळ्यात मिळत नाही, म्हणून ती माणसं आधी दोन महिने घरातच रोप वाढवून घेतात. ऊब विकत घेणं त्यांना भाग आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ऊब फुकट मिळते, तीही गरजेपेक्षा जास्त. सोलापुरात रोप घरात करायचं ते कडक ऊन, कोरडा वारा आणि पांढरी माशी यांच्यापासून वाचवायला. माझी रोपवाटिका आहे, शेतकऱ्यांना मिरची-टोमॅटोची रोपं देतो, आणि गच्चीवर हौसेच्या तिखट जाती वेगळ्या लावतो. दोन्हीकडे माझी सगळी खटपट रोप थंड आणि ओलं ठेवून त्याला भरपूर उजेड देण्याची असते.

आधी भूत जोलोकियाचं बघू. मिरचीच्या बियाला रुजायला २५ ते ३० अंश सेल्सिअस सर्वांत मानवतं. २० च्या खाली बी रेंगाळतं, १५ च्या खाली जवळपास थांबतं. ३५ च्या वर गेलं तरी उगवण घसरते, हे मात्र कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याच्या गावात तशी वेळ येतच नाही. गच्चीखालच्या खोलीत या दिवसांत दुपारी हवाच ३७-३८ ला जाते, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो, आणि खिडकीतल्या काळ्या ट्रेच्या कप्प्यात त्याहूनही जास्त भरतं. ज्वालानं ते सोसलं. भूत जोलोकिया ईशान्येच्या दमट हवेतली, तिला हा कोरडा भडका मानवत नाही.

शिवाय तिची जातच संथ. ज्वाला, ब्याडगी, संकेश्वरी आणि आपली ढोबळी मिरचीसुद्धा कॅप्सिकम ॲनम या प्रजातीतल्या. योग्य उबेत सात ते बारा दिवसांत त्या वर येतात. भूत जोलोकिया, हबानेरो, कॅरोलिना रीपर या कॅप्सिकम चायनेन्सच्या घराण्यातल्या. त्या दोन आठवड्यांत आल्या तर नशीब समजायचं, चार आठवडे लागणं नेहमीचंच, कधी पाचही लागतात. २००७ साली भूत जोलोकियाची गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंद झाली, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणाच्या मापाच्या) वर. आता २०२३ पासून तो मान पेपर एक्सकडे आहे, सुमारे २६.९ लाख. हे आकडे वाचून लोक बी मागवतात आणि तिसऱ्या आठवड्यात ट्रे उकरून टाकतात.

ज्वाला आडवी पडण्याचं मूळही यातच आहे. भूत जोलोकिया यायची आहे म्हणून तुम्ही अख्खा ट्रे आत, झाकून ठेवला असणार. एकीला उजेड हवा होता, दुसरीला अजून झाकण हवं होतं. चपळ आणि संथ जाती कधीही एका ट्रेमध्ये लावू नका. वेगळे कप घ्या, म्हणजे जे उगवलं ते त्याच दिवशी उचलून बाहेर ठेवता येतं.

जागा निवडण्याआधी एक वस्तू घ्या: वायरच्या टोकाला सेन्सर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात स्वस्तात मिळतो. सेन्सर कपातल्या मिश्रणात खोचा आणि दुपारी तीनला नि पहाटे पाचला आकडा बघा. भिंतीवरच्या हवेच्या तापमानावर जाऊ नका. तुमच्या घरात उन्हाळ्यात सर्वांत चांगली जागा बहुधा जमिनीवर सापडेल: उत्तरेच्या खोलीत फरशीवर, माठाच्या तिवईशेजारी किंवा मोरीजवळच्या कोपऱ्यात. कूलर लावत असाल तर त्याच खोलीत, पण झोताच्या समोर नको. एका परातीत ओलं गोणपाट घालून त्यावर कप मांडले तरी दोन-तीन अंश उतरतात. बी उगवेपर्यंत मिरचीला उजेडाची गरज नसते, त्यामुळे कोपरा अंधारा असला तरी हरकत नाही.

हिवाळ्यात, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला पेरणार असाल, तर नेमकं उलटं. तेव्हा सोलापुरातही रात्री १५ च्या आसपास किंवा खाली जातात. मग कप स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवा, तिथे गरम हवा साठते. फ्रिजवर ठेवण्याचा सल्ला जुन्या फ्रिजच्या काळातला आहे. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजची उष्णता बाजूच्या पत्र्यातून बाहेर पडते, वरचा भाग गारच असतो. हात लावून बघा आणि मग ठरवा.

बियाण्याबद्दल थोडं. भूत जोलोकिया, रीपर वगैरेंची ऑनलाइन पाकिटं घेताना निळ्या-जांभळ्या मिरच्यांचे चकचकीत फोटो दिसले की पुढे सरका. पाकिटावर लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि उगवणक्षमतेची टक्केवारी छापलेली असेल तेच घ्या. मिरचीचं बी कोरड्या, थंड जागी दोन-तीन वर्षं चांगलं टिकतं, पण आपल्याकडे दुकानाच्या काउंटरवर उन्हात पडलेलं एका उन्हाळ्यात निकामी होतं. उरलेलं बी हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. पहिल्यांदाच करत असाल तर ज्वाला किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती घ्या. स्वयंपाकघरातल्या सुक्या ब्याडगीचं बी उगवतंही, पण तापलेल्या खळ्यावर वाळलेल्या आणि गोदामात राहिलेल्या मिरचीचा भरवसा नाही, आणि ती संकरित असेल तर मिरच्या आईसारख्या येतील असंही नाही. शेंगा चटणीसाठी आणलेल्या मिरच्या चटणीतच घाला.

बी काढताना हातमोजे घाला. तिखटपणा बियात नसतो, ज्या पांढऱ्या गराला बी चिकटलेलं असतं त्यात असतो, आणि बी काढताना तोच बोटांना लागतो. हातांना लागलाच तर आधी गोडेतेल चोळा आणि मग साबण लावा. नुसत्या पाण्यानं तो निघत नाही.

आता मिश्रण, आणि इथे सोलापूरकर हमखास फसतात. शेतातून किंवा बांधकामाच्या जागेवरून आणलेली काळी माती कपात भरली की पाणी घातल्यावर ती फुगते, दोन दिवसांत आवळून भेगाळते, आणि बियाचं नाजूक मूळ त्या भेगेत तुटतं. काळी माती मोठ्या झाडाला उत्तम, कपात नको. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग आणि चाळलेलं गांडूळखत एक भाग, एवढं पुरे. परलाइट (हलके पांढरे दाणे) मिळालं तर मूठभर घाला, नसेल तर काही अडत नाही. कोकोपीटची वीट घेताना ‘धुतलेली’, म्हणजे क्षार काढलेली आहे का विचारा. स्वस्त वीट खारट असते. तशी मिळाली तर भिजवून, पिळून, पाणी फेकून पुन्हा भिजवायची, असं दोन-तीनदा करायचं. मिश्रणात शेणखत नको, त्यातून बुरशी आणि हुमणी दोन्ही घरात येतात.

कप म्हणून दह्याचे डबे, कागदी पेले, काहीही चालतं, फक्त तळाला दाभण तापवून तीन-चार भोकं पाडा. व्यावसायिक रोपवाटिकेत ९८ कप्प्यांचे प्रो-ट्रे असतात, पण ते कप्पे इतके लहान असतात की घरच्या माणसानं एक दुपार पाणी चुकवलं तरी रोप जातं. घरी मोठा कप बरा.

पाण्याचंही असंच. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मग मधल्या दिवसांत बोअरचं पाणी झाडांना जातं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, आणि मिरचीचं लहान रोप क्षार सोसत नाही. कपाच्या कडेला पांढरी साय जमायला लागली, पानांची टोकं करपायला लागली, तर रोग शोधत बसू नका, पाणी बदला. रोपांपुरतं नळाचं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवून वापरा, क्लोरीन बरंचसं उडून जातं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी स्वच्छ भांड्यात धरलं तर बिनक्षाराचं असतं, तेही चालतं. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र चुकूनही नको. सगळे क्षार त्यातच साठलेले असतात.

पेरणी सोपी आहे. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. ज्वालाला त्याचीही गरज नाही, चायनेन्सच्या जातींना फायदा होतो. चहाचं पाणी, दूध, हळद असले प्रयोग करू नका. बियाला चिमूटभर ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची पूड) चोळली तर पुढच्या मर रोगापासून बराच आधार मिळतो. मिश्रण आधी भिजवून घ्या, मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडेल एवढंच. अर्धा सेंटिमीटर खोल बी टाका, वर मिश्रण भुरभुरा आणि बोटानं हलकं दाबा. अगदी वरवर टाकलं किंवा वरचा थर सुकला तर अंकुर डोक्यावर बियाची टोपी घेऊनच वर येतो आणि पानं तिच्यात अडकतात. आपल्या कोरड्या हवेत हे फार होतं. तसं झालं तर टोपीवर पाण्याचा थेंब सोडा, तासाभरानं पुन्हा एक, आणि ती मऊ झाली की चिमट्यानं अलगद काढा. कोरडी ओढली तर शेंडाच तुटतो.

वरून झाकण म्हणून मिठाईचा पारदर्शक डबा उत्तम. पण झाकलेला डबा उन्हात क्षणभरही नको, आतलं तापमान काही मिनिटांत ५० च्या वर जातं आणि बी शिजतं. रोपवाटिकेत पेरलेले ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकनं गुंडाळून सावलीत ठेवतात आणि कोंब दिसायला लागले की लगेच मोकळे करून पसरतात. घरीही तेच करायचं. संथ जातींसाठी आणखी एक पद्धत: ओल्या सुती फडक्यात किंवा टिश्यू पेपरमध्ये बी गुंडाळून डबीत ठेवायचं, रोज उघडून बघायचं, आणि मूळ दोन-तीन मिलिमीटर दिसलं की कपात हलवायचं. एक दिवस जास्त राहिलं तर मूळ कागदात शिरतं आणि तुटतं. ज्याला रोज बघण्याचा कंटाळा त्यानं सरळ कपातच पेरावं.

कोंब दिसला की त्याच दिवशी झाकण काढायचं आणि रोप उजेडात न्यायचं. उद्यावर ढकलू नका. मिरचीचं रोप दोन दिवस अंधुक उजेडात राहिलं तर जे लांबतं ते पुन्हा आखूड होत नाही. आपल्या डोळ्यांना खिडकी उजळ वाटते, पण लोखंडी ग्रिल, डासांची जाळी, वरचा सज्जा आणि समोरची इमारत एवढ्यातून गाळून येणारा उजेड रोपाला पुरत नाही. पूर्वेची बाल्कनी असेल तर सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन आणि नंतर दिवसभर उघडी सावली, हे रोपाला सर्वांत चांगलं. दहानंतरचं मेचं ऊन दोन पानांच्या रोपाला अर्ध्या तासात जाळतं. बाल्कनी पश्चिमेची असेल तर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट दुहेरी करून लावा.

बाल्कनीच नसेल तरच दिवा. घरात लावतो तीच २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब, ६५०० केल्विनची, रोपांच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर टांगा आणि रोज १४ तास चालू ठेवा. दोन ट्रे आरामात निघतात. जांभळा दिवा डोळ्यांना त्रास देतो आणि त्यात पानांचा पिवळेपणा, कीड काही दिसत नाही. दिवा छताला आणि रोपं टेबलावर असा प्रकार मात्र उपयोगाचा नाही. अंतर वाढलं की उजेड भराभर घटतो.

रोप बुडाशी काळं पडून, दोरा बांधल्यासारखं आवळून अचानक कोलमडलं तर ती मर. बुरशीचा हा रोग उन्हापेक्षा आपल्या प्रेमानं जास्त पसरतो, कारण लोक दिवसातून तीनदा पाणी मारतात. कप परातीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून खालून भिजवा, वरची माती थोडी सुकू द्या, आणि पंखा सर्वांत कमी वेगावर दूरून फिरू द्या. वाऱ्यानं खोडही जाड होतं. कोलमडलेलं रोप मिश्रणासकट बाहेर टाका, कपातल्या कपात नवं बी पेरू नका.

पहिली दोन गुळगुळीत पानं आली की खत नको. खरी पानं चार झाली की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. तेव्हाच रोप मोठ्या कपात हलवा. उचलताना पानाला धरा, खोडाला नाही. पान गेलं तर दुसरं येतं. टोमॅटोसारखं मानेपर्यंत पुरण्याची गरज नाही.

रोप बाल्कनीत आलं की शत्रू बदलतो. पानांच्या कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी ही बारीक कीड, आणि पानं बारीक, पिवळट, गुच्छासारखी झाली तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. गावाकडे सरसकट सगळ्याला बोकड्या म्हणतात आणि एकच औषध मारतात, म्हणून फरक सांगितला. फुलकिडे आणि कोळ्यांना निंबोळी तेल लिटरला तीन मिली, साबणाचे दोन-चार थेंब घालून, संध्याकाळी, पानाच्या खालून. विषाणूवर औषध नाही, रोप उपटून पिशवीत बांधून टाका. लहानपणी शिरलेला विषाणू झाडाला सहसा नीट फळावर येऊ देत नाही, म्हणून पहिला महिना-दीड महिना बारीक कीडरोधक जाळीखाली रोप ठेवणं हा घरातल्या रोपाचा मोठा फायदा. वायरची चौकट करून त्यावर हीच जाळी शिवा. घराच्या मच्छरदाणीच्या जुन्या कापडाची भोकं मोठी असतात, पांढरी माशी आणि फुलकिडे दोन्ही त्यातून शिरतात.

वेळेचं गणित आपल्या नक्षत्रांवर चांगलं बसतं. ज्वालासारख्या जाती रोहिणीत, म्हणजे मे अखेरीला पेरा. ४०-४५ दिवसांत, पुनर्वसूत, रोप कुंडीत जायला तयार होतं आणि तोवर हवा उतरलेली असते. भूत जोलोकियाला रोपावस्थेतच दोन महिने लागतात, म्हणून ती एप्रिलमध्येच पेरायची. तुमची वेळ बरोबर होती, जागा चुकली. मिरचीची फुलं दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही उकाडा असला की गळतात, त्यामुळे मार्चमध्ये रोप लावून मेमध्ये मिरच्या मिळवण्याचा हट्ट गच्चीवर फसतो. जुलैत लावलेली चायनेन्स ऑक्टोबरात फुलावर येते आणि थंडीत लदते. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात होतो, तेव्हा कुंड्या विटांवर उचलून ठेवा म्हणजे तळाची भोकं बंद होणार नाहीत.

बाहेर नेताना आठ-दहा दिवस सवय लावा, आधी सकाळचा तासभर, मग वाढवत जा. लावणी संध्याकाळी. ज्वालाला १० ते १२ इंची कुंडी, भूत जोलोकियाला रंगाची २० लिटरची पांढरी बादली. काळी ग्रो बॅग आपल्या गच्चीवर मुळं भाजते. आधीच आणली असेल तर तिच्याभोवती गोणपाट गुंडाळा. इथे तुमची काळी माती कामाला येते, एक भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट.

सध्याच्या ट्रेचं असं करा. लांबलेल्या ज्वालाला वाचवण्यात वेळ घालवू नका, बी स्वस्त आहे, रोहिणी लागली की नव्यानं पेरा. भूत जोलोकियाचं एक बी उकरून बोटांत दाबून बघा. टणक असेल तर अजून जिवंत असण्याची शक्यता आहे: ट्रे खिडकीतून काढून फरशीवर ओल्या गोणपाटावर ठेवा, झाका आणि आणखी तीन आठवडे थांबा. दाबल्यावर पिचपिचीत लागलं, वास आला, तर एक-दोन बिया आणखी बघा आणि सगळ्याच तशा असतील तर ट्रे रिकामा करून धुऊन टाका. पाकिटात बी उरलं असेल तर ते या वेळी फडक्यात रुजवा, म्हणजे उगवणार की नाही ते आधीच कळेल.